नऊ मोठे की दहा

नाशकात कुठलंही वाक्य अख्खं ऐकून घेणं ज्याला जन्मात जमलं नाही असा एकच माणूस होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा सख्खा मामा निघाला. मामा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला होते. पंचेचाळिशीत त्यांनी जुना संगणक घरी आणला, पुस्तकं वाचून प्रोग्रॅमिंग शिकले आणि तेव्हापासून जगातल्या सगळ्या मजकुराकडे तोडायची वस्तू म्हणून बघू लागले. स्वल्पविराम दिसला की तोडायचं, हा त्यांचा धर्म. लग्नपत्रिका हातात आली की आधी लाल पेन्सिलीनं तुकडे पाडायचे आणि मग नवऱ्यामुलाचं नाव वाचायचे. एकदा मामींनी चिठ्ठी दिली, 'मेथी, कोथिंबीर आणि आलं'. मामा नुसती मेथी घेऊन परतले. म्हणाले, "दुसरा तुकडा 'कोथिंबीर आणि आलं' असा निघाला. त्या नावाची भाजी बाजारात नाही." मामींनी त्यांना त्याच पावली परत पाठवलं.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे आकडा आणि मजकूर यांतला भेद. मी एकदा सातपूरच्या बसथांब्यावर त्यांना माझा फोन नंबर सांगितला आणि 'हा आकडा लक्षात ठेवा' असं बोलून बसलो. दोन बस निघून गेल्या. "ज्याची बेरीज करायची नाही तो आकडा नव्हे, जावईबापू," ते मला समजावत होते, "तो अंकांचे कपडे घातलेला मजकूर." मी मान डोलावली. सासरच्या माणसापुढे दुसरं करणार काय?

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी अंबडच्या एका छोट्या कारखान्यात ग्राइंडिंग मशीनवर लागलो. नोकरी अजून पक्की नव्हती. त्याच सुमारास तिथे तपासणीसाठी संगणक आला; पीन कमाल मापापेक्षा जाड नाही ना, एवढंच तो बघायचा. आठ मिलिमीटरच्या पिना व्यवस्थित पास होत होत्या. मग दहा मिलिमीटरचं काम आलं आणि माझ्या निम्म्या पिना संगणक 'जाड' म्हणून बाद करू लागला. मायक्रोमीटर लावून मी जीव तोडून सांगायचो की माप बरोबर आहे. सुपरवायझर म्हणायचे, "संगणक खोटं बोलतो का? सोमवारपर्यंत बघतो, नाहीतर दुसरं काम शोध."

घरी मी जेवलो नाही. बायकोनं मामांना बोलावलं. मी आणलेला छापील कागद त्यांनी वाचला आणि त्यांचे डोळे चमकले. "दहा पूर्णांक शून्य एक पास, आणि नऊ पूर्णांक नव्याण्णव जाड?" ते उठून येरझाऱ्या घालू लागले. "अहो, ओळ तोडली, पण तुकड्याचा आकडा केलाच नाही! मजकूर शब्दकोशासारखा लागतो, पहिल्या अक्षरावर. तुमच्या मापातला पहिला नऊ आणि कमाल मापाच्या दहातला पहिला एक, यांत मोठा कोण? नऊ. म्हणून तुमची बारीक पीन जाड ठरली. आठच्या कामात दोन्हीकडे पूर्णांक एकअंकीच होता, तेव्हा चूक झाकली गेली."

सोमवारी त्यांनी रजा टाकली आणि मला स्कूटरवर मागे बसवून अंबड गाठलं. सुपरवायझर आधी हसले. मामांनी प्रोग्रॅम उघडायला लावला, मापाच्या तुकड्याचं आकड्यात रूपांतर करणारा एक शब्द त्यात घातला आणि बाद झालेली सगळी मापं पुन्हा तपासायला लावली. छपाईयंत्र करकरत राहिलं. पास, पास, पास. अख्खं खातं भोवती जमलं होतं. सुपरवायझर माझ्याकडे न बघता म्हणाले, "जा, मशीन चालू कर." मामांचा चेहरा बारशाला आलेल्या आजोबांसारखा फुलला होता. चहाला थांबा म्हटलं तर म्हणाले, "नको, डोक्यात एक कल्पना आलीय," आणि स्कूटरला किक मारून निघून गेले.

त्या कारखान्यात मी अकरा वर्षं काढली. मामा निवृत्तीनंतर दोनच वर्षांनी गेले. त्यांचा घरचा तो जुना संगणक आता सुरूही होत नाही. परवा भेटायला गेलो तेव्हा मामी त्याचं कापडी आवरण धुऊन वाळत घालत होत्या. मी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाल्या, "धूळ बसते रे. त्यांना चालायचं नाही."

मी दुसरं टोक धरलं, आणि आम्ही दोघांनी ते झटकून दोरीवर घातलं.