भेगेचं शेवटचं माप

घोळ सिद्धेशनेच घातला. म्हातारीच्या उंबऱ्याशी त्याने बूट काढले. वैजापूरचं वळण, दुसरं काय! गाव मात्र इटलीतलं, डोंगराच्या टोकावर बसलेलं आणि दरवर्षी थोडं थोडं खाली सरकणारं. वस्ती उरली होती सहा माणसांची.

त्याला आणलं होतं संघमित्राताईने. ताई नागपूरची, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी पाच वर्षं पीएचडी करत होती. इतर वेळी पोह्यांवर दिवस काढायचे आणि उन्हाळ्यात इथे येऊन याच घराच्या भिंतीतली भेग मोजायची. २००६चं हे शेवटचं माप. ते जुळलं की डिग्री. सिद्धेश लॅबमधला ज्युनिअर, म्हणजे हमाल.

म्हातारीने बूट पाहिले, मग त्याला पाहिलं. कुठून आलास, म्हणाली. ताईने त्याला अर्थ सांगितला.

"पेनसिल्व्हेनिया!" सिद्धेश ऐटीत उत्तरला.

म्हातारीने दाराला आतून कडी घातली.

चाळीस वर्षांपूर्वी तिचा मुलगा पिएत्रो तिकडच्याच दगडखाणीत कामाला गेला होता, तो परतलाच नव्हता. आणि या गावात दाराशी बूट काढतं ते फक्त घरचं माणूस. तिने सिद्धेशला खुर्चीत बसवलं. समोर ताट आधीपासूनच मांडलेलं होतं. त्यातलं सूप गरम होतं.

"ताई, ही मला सोडत नाही."

"मग जेव ना बे! मी माप घेते."

ताईने तीन वेळा मोजलं. "गेल्या वर्षीपेक्षा दोन मिलिमीटर कमी भरतंय."

"भेग कमी कशी होईल, यार?"

म्हातारी भिंतीवरून हात फिरवत हसत होती.

कडी निघाली तेव्हा बाहेर बूट घराकडे तोंड करून ठेवलेले होते. लेस गायब. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

स्टेट कॉलेजला गाइड म्हणाले, हा आकडा वगळ आणि पास हो.

"दिसलं ते लिहिलं," ताई म्हणाली. "न दिसल्यासारखं कसं करू?"

डिग्री एक सेमिस्टर लांबली. "भेग मिटली, डिग्री फाटली," सिद्धेशने चिडवलं. ताईने कढईत आणखी पोहे टाकले.

गावातून निघताना म्हातारीने बदामाच्या वड्यांचा पत्र्याचा डबा दिला होता. डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून ताईने त्यात रव्याचे लाडू भरले. पार्सलही बांधलं.

"पाठवणाऱ्याचं नाव तू लिही," ती म्हणाली.

सिद्धेशने पेन उचललं. आपलं नाव लिहायचं की पिएत्रोचं, ते ठरेना. पार्सल अजून फ्रिजवरच आहे.