घुंगरू ऐकू आले का?

दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये बोटं घालायचा हक्क अख्ख्या सिल्वासात एकाच माणसाला मिळालाय, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर राहतो. बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना 'वरचे काका' म्हणतात. मूळचे धुळ्याकडचे. सुताच्या कारखान्यात मशीनपाशी तीस वर्षं काढून निवृत्त झाले. निवृत्त माणसाने दमणगंगेच्या काठी चार फेऱ्या माराव्यात, पेपर वाचावा. यांनी गाण्यांचं सगळ्यात वरच्या दर्जाचं सब्स्क्रिप्शन घेतलं आणि आमच्या मुळावर उठले!

एकदा चहाला आले, तर कपाच्या आधी माझा फोन उचलला. "सर, तुम्ही गाणं ऐकू राहिले का गाण्याचा चोथा?" असं म्हणून डेटा सेव्हर बंद, क्वालिटी एकदम वर. परिणाम काय? रात्रभर गाणी त्या क्वालिटीत डाउनलोड होत राहिली आणि सकाळी नेट संपलं. शाळेच्या ग्रुपवर आलेला निरोप मला मिळालाच नाही. तपासणीला साहेब आले तेव्हा सगळे शिक्षक पांढऱ्या शर्टात आणि मी एकटा लाल चौकड्यांत! त्याचा यांना पश्चात्ताप? छे! "पण सर, आवाजात फरक पडला ना?" हे वर.

बायकोने हौसेने ब्लूटूथ स्पीकर घेतला, तर काकांनी खिरीत पाल पडल्यासारखं तोंड केलं. "वहिनी, हवेतून गाणं आणलं की निम्मं रस्त्यात सांडतं!" दुसऱ्या दिवशी वायर घेऊन हजर. ती वायर त्यांनी ओट्यापासून दारापर्यंत अशी ताणली, की तिच्यात पाय अडकून कढीचं पातेलं घेऊन येणारी बायको पडता पडता वाचली. इकडे आमची कढी जमिनीवर, आणि हे प्लग सैल झाला का बघतायत.

पण खरा छळ वेगळाच. दर रविवारी चहा समोर आला, की माझ्या कानांवर हेडफोन चढवायचे आणि तीच एक ठुमरी लावायची. मग डोळे रोखून प्रश्न, "दुसऱ्या कडव्यानंतर मागे घुंगरू वाजतात. ऐकू आले का?" मला कसले घुंगरू नि कसलं काय! माझं सगळं लक्ष कपावर धरणाऱ्या सायीकडे. "आले, आले! अगदी स्पष्ट!" म्हणून मी सुटका करून घ्यायचो. काकांचं तोंड मात्र उतरायचं. पुढच्या रविवारी नवी वायर, आवाज सुधारणारी नवी डबी, नवी सेटिंग आणि प्रश्न तोच. मी मनात म्हणायचो, काय हा शौक मिरवायचा!

परवा खाली आले ते फोनला हात न लावता. "सर, कानाच्या डॉक्टरकडे येता का? एकट्याने नको वाटू राहिलं." गेलो. काचेच्या खोलीत त्यांना बसवलं. आवाज आला की बोट वर करायचं, असं सांगितलं. बाहेरची मुलगी बटणं दाबत होती. जाड आवाजांना बोट वर गेलं. मग आवाज बारीक होत गेले, आणि काका बोट गुडघ्यावर ठेवून काचेतून माझ्याकडे बघत राहिले. डॉक्टर म्हणाले, मशीनच्या गोंगाटाने बारीक आवाज गेलेत, परत यायचे नाहीत.

रिक्षात काका म्हणाले, "नवीन नोकरीला लागलो तवा खोलीवरच्या टेपवर ते घुंगरू ऐकू यायचे हो. मला वाटलं, सेटिंगच चुकू राहिली. तुम्हाला तर येत होते ना."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काका, मी कधी ऐकलेच नाहीत. चहा गार व्हायचा म्हणून हो म्हणायचो."

"मास्तर असून खोटं बोलता?" काका एवढे कडाडले, की रिक्षावाल्याने ब्रेक मारला. बिल्डिंगपाशी उतरले ते तडक वर निघून गेले. आणि खरं सांगतो, त्यांचा राग शंभर टक्के रास्त होता.

या रविवारी मात्र आले. वायर जोडली, ठुमरी स्पीकरवर लावली आणि समोर बसले. प्रश्न विचारलाच नाही. मी कप बाजूला सारला, डोळे मिटले. दुसरं कडवं संपलं आणि मागे कुठेतरी, अगदी हळू, खरंच घुंगरू वाजले. मी बोट वर केलं. डोळे उघडले तर काका माझ्या बोटाकडे बघत होते, आणि त्यांची मान डोलत होती.