कॅसेटवर शिकवणारे तात्या

तात्यांच्या डाव्या हाताची मधली दोन बोटं नव्हती, आणि ते गिटार शिकवायचे. सणसरमध्ये हा चेष्टेचा विषय होता. तरुणपणी ते ऑर्केस्ट्रात वाजवायचे. पुढे संसारासाठी लोणी देवकरच्या एका कारखान्यात लागले आणि तिथल्या मशीनमध्ये बोटं गेली. मालकाने त्यांना गेटवर बसवलं. “वाजवायचं गेलं. कळायचं कुठं गेलंय?” असं तात्या म्हणायचे, आणि ऐकणारे हसायचे.

मी तेव्हा इंदापुरात अकरावीला होते. गिटारसाठी मुलीला एकटीला सणसरला पाठवायला घरचे तयार नव्हते. तात्यांनीच तोडगा काढला. एका बाजूला धडा बोलून ते कॅसेट एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे. दुसऱ्या बाजूला मी वाजवून, उत्तरं सांगून ती परत पाठवायची. तात्यांच्या आवाजामागे शेळ्या ओरडत, त्यांच्या बायकोच्या, काकूंच्या, कुकरची शिट्टी होई. मधेच ते म्हणत, “थांब जरा, ट्रॅक्टर जाऊ दे.”

गाणं त्यांनी कधीच शिकवलं नाही. “बोट कुठं ठिवायचं ते कुणीबी सांगंल. का ठिवायचं, ते तू सांग.” हा ‘का’ प्रत्येक कॅसेटवर असायचा. सा, ग, प एकत्र वाजले की मेजर कॉर्ड. त्यातला फक्त ग कोमल करायचा. “आता ऐक. एकच सूर अर्धा खाली आला, आन सगळं घर उदास झालं का न्हाय?” हे वाजवून दाखवता येत नसे, म्हणून ते एकेक सूर गाऊन दाखवत.

त्यांचा लाडका विद्यार्थी वरकुट्याचा विलास. तो सणसरला जाऊनच शिकायचा, काकूंच्या हातचं जेवायचा. “ह्यो माझी बोटं हाय,” असं तात्या त्याच्याबद्दल सांगत.

विलास ऑर्केस्ट्रात गेला, नाव झालं. बारामतीला गणपतीत त्याचा कार्यक्रम होता. तात्या, काकू, मी आणि माझे वडील पुढेच बसलो होतो. निवेदकाने विचारलं, “गिटार कुणाकडे शिकलात?” विलास हसून म्हणाला, “कुणाकडे नाही. ऐकून ऐकून, माझा मीच शिकलो.” टाळ्या पडल्या. तात्यांनीही वाजवल्या.

बाहेर आल्यावर काकू फणफणल्या, “नाव घ्यायला काय झालं व्हतं त्याला?”

“माईकम्होरं घाबरलं आसंल पोरगं,” तात्या म्हणाले. तो घाबरला नव्हता. आम्हा चौघांनाही ते ठाऊक होतं.

पुढे विलासने बारामतीत क्लास काढला. भरपूर मुलं आली. तात्या आपण होऊन तिथे गेले. “तू गाणी शिकव, मी त्यामागचं शास्त्र सांगतो,” म्हणाले. विलासने चहा मागवला आणि म्हणाला, “तात्या, पोरांना शास्त्र नको असतं. आन तुमचा हात बघून आईबाप काय म्हणतील?” हे मला काकूंनी सांगितलं. तात्यांनी कधीच सांगितलं नाही.

त्यानंतरची कॅसेट फार छोटी होती. “पोरी, तुला आता समजायला लागलंय. हितनं पुढं कॅसेट नको पाठवू. बरं वाटत न्हाय मला.” मी तरी पाठवली. ती तशीच परत आली.

दोनेक वर्षांत तात्या गेले. दशक्रियेला विलास गाडीने आला. श्रद्धांजलीच्या भाषणात त्याने माईक हातात घेतला. “तात्या माझे गुरू. मी जो काही आहे, तो त्यांच्यामुळं.” बायका पदराने डोळे पुसू लागल्या.

नंतर तो काकूंच्या पाया पडायला वाकला. काकूंनी पाय मागे घेतले.

“आज म्हणतोयस व्हय? ते जित्तं असताना कुणी अडवलं व्हतं तुला?”

विलासने घड्याळ पाहिलं. बारामतीत त्याच्या क्लासची वेळ झाली होती.