सगळे बाहेर पडल्याशिवाय

सुधाकर वानखडे गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंगण्याच्या आमच्या कारखान्यात, स्टोअरमध्ये माझ्या टेबलावर होते. सोमवारची सकाळ. हार्ट अटॅक, घरीच... दीड महिना झाला, पण दुःखापेक्षा चिडचिडच जास्त होते. त्यांच्यावर, कंपनीवर, आणि स्वतःवर तर फारच.

आमचा सगळा कारभार एका सर्व्हरवर चालतो. साठेक माणसं एकाच वेळी त्यावर काम करत असतात. तो वानखडेंच्या ताब्यात. बंद करायचा असला की ते आधी सगळ्यांच्या स्क्रीनवर सूचना पाठवत. ती कोणी वाचत नसे, म्हणून मग यादी घेऊन प्रत्येक टेबलापाशी येत. "झालं का वं ताई? सेव्ह करून बाहेर पडा, मग बंद करतो." मी म्हणायची, "पाचच मिनिटं, भाऊ." ते उभे राहत. शेवटचा माणूस बाहेर पडला की मगच एकेक प्रोग्रॅम थांबवत, आणि वीज सगळ्यात शेवटी.

एकदा ते रजेवर असताना नव्या मॅनेजरांनी कोणाला न विचारता सर्व्हर सरळ बंद करायला लावला. दोन दिवसांच्या नोंदी गेल्या. वानखडे रजा सोडून आले, चार दिवस खपून त्या परत मिळवल्या. आणि मीटिंगमध्ये जाब त्यांनाच! "तुम्ही लिहून काहून नाही ठेवलं?" लिहिलेलं होतं, सर्व्हर रूमच्या दारावरच.  हे तिथे मीही सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात मनीषनगरला त्यांच्या घरी गेले. वहिनी म्हणाल्या, "महिनाभर छातीत दुखून राहिलं होतं. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर म्हणे, शनिवारी बॅटऱ्या बदलाच्या आहेत, सर्व्हर बंद करा लागते, ते झालं की जातो. मी म्हटलं, दुसऱ्या कोणाले सांगा ना! तर म्हणे, तो कोणाले विचारणार नाही, सरळ बंद करून टाकीन."

ते काम दोनदा पुढे ढकललं गेलं. दोन्ही वेळा स्टोअरची मोजणी संपली नव्हती. थांबा म्हणून मीच सांगितलं होतं. तिसऱ्या शनिवारी ते झालं. सोमवारी ते गेले.

वहिनींना हे तिथेच सांगायचं ठरवलं... त्या चहा ठेवायला उठल्या. समोर फ्रिजवर डॉक्टरांची चिठ्ठी अजून लावलेली होती. दोन तारखा नीट रेघ मारून खोडलेल्या. खाली तिसरी, वानखडेंच्या अक्षरात : मंगळवार, सकाळी अकरा.