भाला पडेपर्यंत

गुरुनाथ सबनीस सरांचं मुख्य क्रीडासाहित्य म्हणजे त्यांचा घसा. बाकीचं, म्हणजे दोन-चार भाले, एक फीत आणि एक शिट्टी, चंदीगढच्या कॉलेजनं दिलेलं. घसा मात्र मिरजेहून आणलेला.

बलजीत कौरनं भाला फेकला की तो हवेत असतानाच सर सुरू होत. "कोहनी ऊपर! और ऊपर! अगं, मान कशाला वळवलीस?" शेवटचं मराठीत, कारण जिव्हारी लागलेली चूक त्यांना मराठीतच दिसे. बलजीत निमूट मान हलवी. पुढच्या फेकीला कोपर पुन्हा खाली.

ती पिंजौरहून यायची. सत्त्याऐंशी साल, पंजाब पेटलेला. परतीची बस अंधाराआधीच निघे आणि वाटेत नाक्यावर पोलीस पिशव्या उलट्या करत. सरावाला जेमतेम तासभर मिळे. त्या तासात सर दिवसभराचं बोलणं बसवत, कारण एरवी बोलायला कुणी नव्हतं. गोळीबाराच्या बातम्या वाढल्या तशा त्यांच्या पत्नी पद्मिनीबाई लेकीला घेऊन मिरजेला गेल्या होत्या. सकाळी दूधवाल्याला "आधा लिटर जी" म्हटलं की सरांचा समाज संपला. उरलेला सगळा जीव बलजीतच्या कोपरावर.

आणि कोपर काही ऐकत नव्हतं. विद्यापीठाच्या संघाची निवड तोंडावर आलेली, भाला मात्र दिवसेंदिवस अलीकडेच पडत चाललेला. ही संधी हुकली तर घरचे तिला पुन्हा मैदानावर पाठवणार नव्हते.

त्यातच बंद पुकारला गेला. आठवडाभर बस नाही, बलजीत नाही. ती परत आली त्या दिवशी सर बुटाची नाडी बांधत होते, म्हणून त्यांचं तोंड बंद होतं. वर पाहतात तो भाला पार लांब जाऊन रुतलेला.

"काय केलंस गं? मतलब, क्या किया?"

"कुछ नहीं, सर जी. भाला लेकर बस में चढ़ूँ तो पुलिसवाले मुझे ही उठा ले जाएँ. खेत में बांस फेंकती रही."

"बताता कौन था?"

"भैंस थी जी. वो कुछ बोलती नहीं."

सर हसले, आणि मग त्यांना जरा लागलंही. पुढच्या फेकीपासून त्यांनी राहिलेल्या सूचनांची कसर भरून काढली. भाला पुन्हा अलीकडे. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की भाला कुठं पडतोय ते न बघता पोरगी त्यांचं तोंड बघते.

रविवारी फोनवर त्यांनी बायकोला गाऱ्हाणं सांगितलं, "अगं, म्हशीसमोर माझ्यापेक्षा बरी फेकते!"

"मला नाही हो नवल वाटत," पद्मिनीबाई म्हणाल्या. "मी पोळ्या लाटताना तुम्ही मागं उभं राहून 'मनगट सैल, मनगट सैल' करायचात. पेपर घेऊन बाहेर गेलात की पोळ्या गोल."

"म्हणजे मी बोलायचंच नाही?"

"बोला की. पण आधी विचारा तिला काय वाटलं ते. मला विचारलंत कधी?"

दुसऱ्या दिवसापासून सरांनी शिट्टी दातांत घट्ट धरली. भाला पडेपर्यंत शब्द नाही, पडल्यावर फक्त, "तू बता." बलजीत आधी गोंधळली. मग हळूहळू बोलू लागली. "कोहनी गिरी, जी." आणि एक दिवस, "नहीं सर जी, पहले पैर लेट आया. कोहनी तो बाद में गिरी."

वर्षभर सर कोपराला रागावत होते. गुन्हेगार पाय होता. "हां," ते म्हणाले. एवढंच. भाला लांब जाऊ लागला, आणि सरांचं दिवसाचं बोलणं अर्ध्या लिटरवर आलं.

निवडीच्या दिवशी सर कुंपणाबाहेर उभे होते. पहिली फेक फसली. सरांच्या जिभेवर तीन भाषांतल्या सूचना गोळा झाल्या. बलजीतनं त्यांच्याकडं पाहिलंच नाही. तिनं भाला पडताना पाहिला, डावा पाय दोनदा आपटला, आणि पुढची फेक निवडीच्या खुणेच्या झेंड्यापलीकडे टाकली.

नाव पुकारलं गेलं. मुलींनी तिला गराडा घातला. ती हातवारे करून त्यांना पायाचं समजावून सांगत होती, फार छान सांगत होती. ती आता वळेल म्हणून सरांनी हात वर केला. ती वळली नाही. मग त्याच हातानं त्यांनी टोपी नीट केली, सायकल काढली, आणि शाबास म्हणायचं राहिलं ते राहिलंच.