लेनाची बाई

ओटिलिया रॉट एकोणिसाव्या वर्षी आमच्या शाळेची बाई झाली, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिच्या आईला झाला. बार्बराकाकूंना इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता. "माझी ओटी सरकारच्या भाषेत शिकवते," असं त्या चर्चच्या दारात प्रत्येकीला थांबवून सांगत.

रॉट मंडळी आमच्यासारखीच ओडेसाकडून आलेली. माणसं रशियातली, बोली जर्मन, आणि जमीन मिळाली अमेरिकेतल्या डाकोटात. पाच वर्षं राहून कसून दाखवली की सरकार ती नावावर करून देत असे. ओटिलियाच्या वडिलांनी, गॉटलीबकाकांनी, ती वर्षं मातीच्या विटांच्या एका खोलीत काढली. नजर पोचेल तिथवर झाड नव्हतं, म्हणून चुलीत गोवऱ्या. ओटिलिया त्या रानातले दगड वेचत मोठी झाली आणि हिवाळ्यात पुस्तकं वाचत परीक्षा पास झाली. शाळेला जागा हवी होती, तेव्हा गॉटलीबकाकांनी आपल्याच शेताचा कोपरा दिला.

मग अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली. आमच्यापैकी कुणी जर्मनीत कधी पाऊल ठेवलं नव्हतं. पण बाजारात जर्मन बोलला म्हणून लोकांनी एका म्हाताऱ्याच्या गाडीला देशद्रोह्याची खूण म्हणून पिवळा रंग फासला आणि आमची सगळी वस्ती घाबरली. शाळा समितीत तिघे शेतकरी होते, त्यातले एक माझे वडील. त्यांनी ओटिलियाला सांगितलं, यापुढे शाळेत आणि शाळेच्या अंगणात जर्मनचा एक शब्द ऐकू येता कामा नये.

"याकोबकाका, हे तुम्ही मला जर्मनमध्येच सांगताय."

"मला दुसरं येतंय काय?" वडील म्हणाले. "तू नाही म्हणालीस तर शहरातून कुणालातरी धाडतील. ती पोरांना फोडून काढेल. तू निदान आपली आहेस."

ओटिलियाने ते मानलं. कुणाच्या तोंडून जर्मन शब्द गेला की त्याने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, एवढीच शिक्षा तिने ठेवली. हात कुणावर उगारला नाही.

त्या सप्टेंबरात तिची धाकटी बहीण लेना शाळेत आली. सहा वर्षांची, घरात सगळ्यात बडबडी. पहिल्याच आठवड्यात ती बाकावरून उठली, ओटिलियाच्या टेबलापाशी गेली आणि हळूच जर्मनमध्ये म्हणाली, "ओटी, मला..."

सगळा वर्ग बघत होता. ओटिलियाने भिंतीकडे बोट दाखवलं. लेना जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने तिच्या पायाखालची फळी ओली झाली. कुणी हसलं नाही. आमच्यातल्या निम्म्यांवर ती वेळ येऊन गेली होती.

घरी जाताना मी त्यांच्याबरोबर होते. ओटिलिया चालता चालता तिच्याकडून इंग्रजी वाक्य घोकून घेत होती : बाई, मी बाहेर जाऊ का?

"आणि तू नाही म्हणालीस तर?" लेनाने जर्मनमध्ये विचारलं.

"मी कधीच नाही म्हणणार नाही. पण आधी विचारायचं."

"आधी विचारायचं," लेना म्हणाली.

तेवढं एकच वाक्य तिला आलं, आणि मग ती ते कशालाही वापरू लागली. तहान लागली तरी तेच, डोकं दुखलं तरी तेच. ओटिलिया मानेनेच हो म्हणायची. लेना बाहेर जाऊन अंगणात उभी राहायची आणि परत यायची.

बटाटे काढून होतात न होतात तोच साथीचा ताप आला. शाळा बंद झाली. आमच्या घरात आईसकट सगळे अंथरुणाला खिळले. "आमच्याकडे सगळे धडधाकट आहेत," असं म्हणून बार्बराकाकूंनीच ओटिलियाला आमच्याकडे पाठवलं. तिने आम्हाला पिठाच्या गोळ्यांचं सूप भरवलं, गुरांचं पाहिलं, माझ्या आजीचे डोळे मिटले. एका सकाळी गॉटलीबकाका आमच्या अंगणात येऊन टोपी हातात धरून उभे राहिले. ते आत येईनात. ओटिलिया बाहेर गेली. लेना दोन दिवस तापाने फणफणत होती आणि पहाटे गेली होती. ती निघून आल्यावर तिकडेही सगळे आजारी पडले होते आणि तिला बोलवायला येण्याइतकं त्राण कुणातच नव्हतं.

त्या दिवशी घरात काय झालं, ते ओटिलियाने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. लेनाला न्हाऊ घालताना आईने काही आवाज काढून दाखवले. अर्थ न कळता, पण अगदी जसेच्या तसे.

"सारखं हेच म्हणत होती. माझ्याकडे बघून. म्हणजे काय गं?"

"बाहेर जाऊ का, म्हणून विचारत होती."

"बाहेर? एवढ्या थंडीत?"

"नाही गं आई. तिला तेवढंच येत होतं. काहीही हवं असलं की तेच म्हणायची."

"मी पाणी दिलं, ते नको. पांघरूण घातलं, ते ढकललं. मग तिला हवं काय होतं?"

"मला माहीत नाही."

"तू तिची बाई ना?" बार्बराकाकू म्हणाल्या.

त्यानंतर त्या घरात ओटिलियाशी कामापुरतं बोलणं राहिलं. दार लाव, मीठ दे. शाळा पुन्हा उघडली आणि भिंतही तशीच राहिली. युद्ध संपलं, तरी समितीला नियम मागे घ्यायचा धीर झाला नाही. मग मुलंच जर्मन विसरली आणि तो मागे घ्यायची गरजच उरली नाही. ओटिलियाने लग्न केलं नाही. लग्न झालेल्या बाईला शाळेत ठेवत नसत, आणि शाळेशिवाय तिला जायला दुसरी जागा नव्हती. पुढे दुष्काळाची वर्षं आली, धुळीने कुंपणं गाडली. गॉटलीबकाका गेले. एकेक कुटुंब गाड्या भरून पश्चिमेला निघालं, आणि मुलं उरली नाहीत तेव्हा शाळेला कुलूप लागलं.

बार्बराकाकू त्यानंतरही बरीच वर्षं जगल्या. त्यांच्याशी बोलू शकेल असं आता ओटिलियाशिवाय कुणी नव्हतं, आणि ओटिलियाशी त्या कामापलीकडे बोलत नव्हत्या. मी गेले की माझ्या मोडक्या जर्मनवर कीव आल्यासारख्या बघायच्या. शेजारची पोरं त्यांना मुकी समजत.

त्या गेल्या तेव्हा पाद्री नवीन होता, इंग्रजी बोलणारा. मातीपाशी एक प्रार्थना तरी आईच्या बोलीत व्हावी, असं ओटिलियाला वाटत होतं. पाद्री म्हणाला, "मला ती येत नाही. इथल्या कुणाला येत असेल तर म्हणावी."

तिथे उभे असलेले आम्ही बहुतेक सगळे ओटिलियाच्याच हाताखाली शिकलेले. हेफ्नरांच्या थोरल्याने सुरुवात केली. दोन ओळी झाल्या आणि तो अडला. मला तिसरी आठवली, तिच्यापुढची नाही. मग सगळे ओटिलियाकडे पाहू लागले. तिला पूर्ण येत होती. तिने तोंड उघडलं, तिनेच भिंतीकडे उभं केलेल्या आमच्याकडे एकदा पाहिलं, आणि नकारार्थी मान हलवून मिटलं.

पाद्रीने इंग्रजीत उरकलं. आम्ही माती लोटली. ओटिलिया दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून उभी होती. वारा फार होता, म्हणून कुणी थांबलं नाही.