दिवेआगरहून मागे वळलो, एका रोलर कोस्टरसाठी

दिवाळीच्या सुट्टीत कुठं जायचं यावरून आमच्या घरात तीन पक्ष पडले होते. अकरा वर्षांच्या जुईला खोपोलीजवळचं मोठं थीम पार्क हवं होतं. सासूबाईंना गणपतीपुळ्याला जायचं होतं. माझा नवरा संग्राम टायरचं दुकान चालवतो, वर्षभर ते बंद करत नाही, त्याला फक्त समुद्रासमोर लोळायचं होतं. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणाले असते, कुठंही चला, फक्त सकाळी डबा करायला लावू नका.

शेवटी सगळंच एका दोरीत ओवलं. कोल्हापूरहून आधी पार्क, तिथून खाली उतरून दिवेआगर-श्रीवर्धन, मग किनाऱ्याकिनाऱ्यानं गणपतीपुळे आणि आंबा घाट चढून घरी. पार्क आधी, कारण जुईला धीर नव्हता. दोन वर्षांपूर्वी ती मामाच्या पोरांबरोबर तिथं गेलेली, पण सगळ्यात मोठ्या, उलटापालटा करणाऱ्या रोलर कोस्टरच्या दारात उंचीची खूण आहे, तिच्याखाली हिचं डोकं राहिलं. भावंडं बसून आली आणि ही बाकड्यावर सगळ्यांच्या चपला राखत बसली. तेव्हापासून दर महिन्याला बापाला उंची मोजायला लावायची. 'औंदा मी बसणार', हे आमच्या बिल्डिंगमधल्या वॉचमनलासुद्धा माहीत होतं.

उजाडायच्या आत निघालो. हायवेचं काम चालू असल्यानं वळणरस्ते बरेच आहेत, वेळ धरूनच निघा. साताऱ्याच्या पुढं मिसळ खाल्ली. सासूबाईंना मी आत्ती म्हणते. त्यांनी एक घास घेतला आणि वेटरला विचारलं, "ह्यात साखर घातलीया काय रं?" तो हसला. त्यांनी पिशवीतून घरची चटणी काढली आणि शेजारच्या टेबलावरच्या लोकांनाही वाढली. पुण्याच्या बाहेरून जाताना गर्दी लागली, एक्स्प्रेस वेवर सुटलो आणि दुपार कलता खोपोलीजवळच्या लॉजवर पोचलो.

दुसऱ्या दिवशी पार्क. तिकीट आधी ऑनलाइन काढा, खिडकीपेक्षा बरंच स्वस्त पडतं. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. त्यामुळे आत्तींच्या चटणीची बरणी गेटवरच राहिली आणि सुरक्षारक्षकाला त्यांनी दोनदा बजावलं, "सांभाळ, परत मागणार हाय मी." आत मात्र त्या सगळ्यात खूश होत्या. चहाच्या कपाच्या आकाराच्या पाळण्यात बसून गरागरा फिरल्या, भुताच्या घरात शिरल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "भूत लई वाळलंय. खायाला घालत न्हाईत वाटतं."

जुई एकेक राइड करत होती, फक्त मोठा कोस्टर सोडून. विचारलं की म्हणायची, "तो शेवटी. सगळ्यात भारी शेवटी." दुपारी चारच्या सुमारास डोंगराकडून काळे ढग आले, लांब वीज चमकली. आम्ही रांगेत उभे राहिलो तोच पुढून माणूस आला आणि त्यानं साखळी लावली. विजा असल्या की उंच राइड बंद ठेवतात, सुरक्षेसाठीच, त्यात कुणाची चूक नाही. तरी संग्रामनं गळ घातली, "अवो पावणं, पोरगी दोन वर्षं थांबलीय की!"

"दादा, माझ्या हातात असतं तर सोडलं असतं," तो माणूस म्हणाला.

जुई वळली आणि बाहेर चालू लागली. गाडीत बसली आणि खिडकीकडं तोंड करून रडली. आम्हाला वाटलं, राइड हुकली म्हणून.

तिसऱ्या दिवशी पालीच्या बल्लाळेश्वराचं दर्शन घेतलं आणि जवळच उन्हेऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडांवर गेलो. बायकांसाठी वेगळं कुंड आहे, टॉवेल आणि जादा कपडे जवळ ठेवा. आत्ती गुडघे बुडवून बसल्या त्या उठेचनात. "अगं, हितंच ऱ्हाऊया की," म्हणाल्या. शेवटी भूक लागली म्हणून बाहेर आल्या.

माणगावहून म्हसळ्याकडं वळलं की रस्ता अरुंद होतो, झाडी वाढते आणि हवेत दमटपणा येतो. दिवेआगरला सुपारीच्या वाडीत घरगुती राहायची सोय मिळाली, खोलीला दोन हजारांच्या आसपास, जेवण वेगळं. जेवण आधी सांगावं लागतं. सुरमई, तांदळाची भाकरी, सोलकढी. संग्रामनं बोटं चाटली आणि मालकीणबाईंना म्हणाला, "वैनी, एकच नंबर! फक्त जरा तिखट असतं तर."

"तिखट तुमच्या कोल्हापुरास," त्या म्हणाल्या. "इथं माशाची चव लागायला हवी ना!"

सकाळी सुरूच्या बनातून किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती. लांबच लांब ओली वाळू, पांढऱ्या कुरव पक्ष्यांचे थवे, आणि आम्ही सोडून एक बैलगाडीवालाच काय तो माणूस. संग्राम चटई टाकून खरंच लोळला. जुई आणि मी गुडघाभर पाण्यात गेलो. पार्कातून निघाल्यापासून ती गप्प होती. एक लाट येऊन गेली तशी म्हणाली, "आई, एक सांगू? पप्पांना नाही सांगायचं."

"सांग."

"तो कोस्टर मी मुद्दाम शेवटी ठेवलेला. मला भीती वाटत होती. ढग आले ना, तेव्हा मला बरं वाटलं." तिचा आवाज बारीक झाला. "सगळ्यांना सांगत सुटले होते. आणि बंद झाला तर बरं वाटतंय. म्हणून रडू आलं."

मी तिला जवळ घेतलं. मग खरं तेच सांगितलं. "तुझ्याशेजारी मला बसायचं होतं ना? ढग आले तेव्हा मलाही बरं वाटलं."

तिनं माझ्याकडं बघितलं. आधी विश्वास बसला नाही, मग इतकी हसली की पाण्यात बसलीच. पुढच्या लाटेनं आम्हा दोघींना आडवं केलं. नाकातोंडात खारं पाणी गेलं आणि तरी हसू थांबेना.

त्या दिवशी शेखाडीवरून श्रीवर्धनला जाऊन आलो. समुद्राच्या कडेकडेनं जाणारा हा रस्ता चुकवू नका, उन्हं उतरताना गेलात तर गाडी चारदा थांबवाल. रात्री दिवेआगरच्या वाडीत जेवताना उकडीचे मोदक वाढले होते. जुईनं एक मोडला, तूप घातलं आणि न खाताच म्हणाली, "पप्पा, मला परत पार्कात जायचंय. परवा मी घाबरलेले. म्हणून उशीर केला."

संग्रामनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. तो ठरलेला बेत बदलत नाही, दुकानातलं कॅलेंडरसुद्धा नवीन वर्ष लागल्याशिवाय बदलत नाही. पण त्यानं मोबाइल काढला, नकाशा बघितला. परत जायचं तर पुळं सुटत होतं. तो आईकडं बघायला लागला. आम्ही सगळेच बघायला लागलो.

"माझ्याकडं काय बघताय?" आत्ती म्हणाल्या. "गणपती कुठं पळून चाललाय व्हय? आन् माघारी जाताना त्या गरम पाण्यावरनंच रस्ता जातोय न्हवं?"

सकाळी नाश्ता न करताच निघालो. आत्तींना आणि संग्रामला उन्हेऱ्याला सोडलं, गाडी मी घेतली आणि पार्कात दोघीच गेलो. तिकीट पुन्हा काढलं, आदल्या तिकिटावर राइड बंद असली तरी पैसे परत नाहीत असं लिहिलेलं असतं, आम्हीच वाचलं नव्हतं. आभाळ निळंशार होतं. आता ढगांचाही आधार नव्हता.

जुई खुणेखाली उभी राहिली. चांगली बोटभर वर निघाली. रांगेत मध्येच एक छोटं दार आहे, ऐन वेळी नको वाटलं तर बाहेर पडायला. जुई त्या दारापाशी थांबली. माझे तर पाय तिकडंच वळत होते.

"जायचं का बाहेर?" मी विचारलं. "कुणी काही म्हणणार नाही."

"तुला जायचंय?"

"हो."

"मला पण," ती म्हणाली, माझा हात घट्ट धरला आणि पुढं चालू लागली.

वर चढताना सह्याद्रीचे कडे दिसले, भाताची कापलेली शेतं दिसली, आणि नंतर मी डोळे मिटले. पुढचं मला सांगता येणार नाही. आकाश पायाखाली गेलं आणि कुणीतरी सारखं "आई गं" ओरडत होतं, ते मीच होते. उतरल्यावर मी सरळ जमिनीवर बसले. जुईचे केस उभे, डोळ्यांत पाणी, गाल लाल. "परत?" तिनं विचारलं.

मी मानेनंच नको म्हटलं. मग ती एकटीच गेली. मी खालून बघत होते. गाडी वळणावरून उलटी झाली तेव्हा एक हात हलताना दिसला, तिचाच असावा, मी दोन्ही हात हलवले.

उन्हेऱ्याला पोचलो तर आत्ती ओल्या केसांनी नाक्यावर भजी खात बसलेल्या. जुईच्या तोंडाकडं बघून त्यांनी काही विचारलंच नाही, भज्यांचा कागद पुढं केला.

पुण्यावरून रात्री घरी आलो. पुळ्याला पुढच्याच महिन्यात एका रविवारी आंबा घाटातून एका दिवसात जाऊन आलो. आत्तींनी देवाला जुईचं नाव घेऊन नारळ वाढवला. खर्च थोडा वाढला, तीनशेच्या आसपास किलोमीटर जास्त पडले. माझ्या मनात मात्र राहिलं ते दिवेआगरचं गुडघाभर पाणी, आणि ती हसता हसता खाली बसलेली.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये जुईला मैत्रिणींनी घेरलं. मी गाडीतली वाळू झाडत होते, त्यामुळं ऐकू येत होतं.

"भीती वाटली काय गं?" एकीनं विचारलं.

"व्हय, लई," जुई म्हणाली. "पहिल्यांदा तर मी गेलेच न्हाई."

 मग त्यातली सगळ्यात उंच मुलगी हळूच म्हणाली, "मी पण गेल्या वर्षी रांगेतल्या त्या छोट्या दारातनं बाहेर आलते. घरी सांगितलं न्हाई."

"मग पुढच्या टायमाला माझ्याशेजारी बस की," जुई म्हणाली.